चिचुंद्रीची ओळ आणि कासवाची चौकट

एका जंगलात सगळ्या प्राण्यांकडं संगणक होते. ते कुणी आणले, वीज कुठून यायची, असले प्रश्न विचारू नका, बाळांनो. गोष्टीतला सिंह बोलतो तेव्हा त्याला भाषा कुणी शिकवली असं तुम्ही कधी विचारलंत का? मग इथंही गप्प बसा आणि ऐका.

पूर्वी त्या जंगलात सिंहाची राजमांडणी चालायची. मांडणी म्हणजे संगणक सुरू केला की समोर जे दिसतं ते सगळं. मागचं चित्र, चित्रावरचे कप्पे, घड्याळाची पट्टी, कोपऱ्यातून सरकत येणाऱ्या सूचना. राजमांडणी हवी असेल तर दर पौर्णिमेला शिकारीतला वाटा सिंहाच्या गुहेत पोचता करावा लागे. सशाला हे फार जड जायचं, कारण ससा शिकार करत नाही. शिवाय ती आतून कशी आहे ते बघायची कुणाला परवानगी नव्हती. घड्याळ मागं पडलं तर सूर्य पुढं गेला असं समजायचं आणि कामाला लागायचं.

शेवटी झाडावरच्या मंडळींनी मनावर घेतलं. आपली मांडणी आपण करू, म्हणाले. खालचा पाया बर्फाच्या मुलखातल्या कुण्या न उडणाऱ्या पक्ष्याकडून आयता मिळाला. वरचं सगळं धनेशरावांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी फावल्या वेळात उभं केलं. धनेशराव म्हणजे मोठ्या चोचीचे धनेश पक्षी. त्यांचा शब्द अखेरचा असायचा, कारण एवढी चोच उघडून मिटेपर्यंत बाकीच्यांचं बोलून संपलेलं असे. रंगरूप हळद्या पक्षी बघायचा. तो स्वतः पिवळाधमक होता आणि हे त्याला ठाऊक होतं. आतली कळ फिरवायचं काम खारीकडं होतं. खारीला एका जागी बसवत नसे, त्यामुळं अर्धवट सोडलेल्या कामांचा तिच्याकडं कधी तुटवडा नव्हता.

या मांडणीचं नाव सर्वांची मांडणी. कुणीही घ्यावी, कुणीही वापरावी, वाटलं तर उघडून आत डोकवावं. ही खरंच चांगली गोष्ट होती, मी चेष्टा करत नाही. फुकट काम करणाऱ्यांना नावं ठेवणं हा त्या जंगलातला सगळ्यात आवडता खेळ होता. मी तो खेळणार नाही. निदान फार वेळ खेळणार नाही.

दर मोसमाला नवी आवृत्ती निघायची. त्या दिवशी उंबराच्या झाडाखाली सभा भरे आणि धनेशराव काय काय सुधारलं ते वाचून दाखवत. खिडकी सरकवताना थरथरायची, ती आता थरथरत नाही. टाळ्या. डुलकी काढून उठलेला संगणक स्वतःच्या पडद्याला ओळखत नसे, तो आता ओळखतो. पुन्हा टाळ्या. कचऱ्याच्या टोपलीची सावली उजवीकडं पडायची, ती हळद्यानं फार विचार करून डावीकडं पाडली. यावर मात्र उभं राहून टाळ्या वाजल्या, आणि हळद्यानं पंख जरा फुलवले.

सभेचा एक रिवाज होता. कुणी उठून म्हणालं, की माझ्याकडं अमुक बिघडलंय, तर धनेशराव फार गोड आवाजात सांगत, "मांडणी आपलीच आहे. सगळं उघडं आहे. दुरुस्त करून आणा." हे ऐकून तक्रारदार खाली बसायचा. पुष्कळदा तो घरी जाऊन सिंहाची राजमांडणी पुन्हा बसवून घ्यायचा, पण त्याची मोजदाद सभेत होत नसे.

आता आपल्या गोष्टीतली चिचुंद्री. ती नदीच्या काठाला, अगदी पाण्यालगतच्या बिळात राहायची. नाक लांब, डोळे अधू, आणि अंगाला तो तिचा वास. वासामुळं सभेत तिच्या आजूबाजूला नेहमी ऐसपैस जागा असे. घरात ती, तिच्या म्हाताऱ्या सासूबाई आणि नुकतीच झालेली पिल्लं. पिल्लं इतकी लहान होती की अजून त्यांना वाससुद्धा नव्हता.

नदीवर वरच्या अंगाला पाणमांजरांचा बंधारा होता. पाणी साठलं की ती दार उघडत. पाणमांजरं तशी सरळ मनाची. आदल्या दिवशी सगळ्या जंगलाला सूचना पाठवत, की उद्या पाणी सोडतोय, काठच्यांनी वर जावं. सूचना प्रत्येकाच्या मांडणीवर खालच्या कोपऱ्यातून वर सरकत यायची आणि थोडं थांबून जायची.

चिचुंद्रीला ती दिसायची नाही.

तिनं अक्षरं मोठी करून ठेवली होती, डोळे अधू म्हणून. अक्षरं मोठी, म्हणून घड्याळाची पट्टी जाड. आणि पट्टी तिनं खाली ठेवलेली, कारण जमिनीवर राहणाऱ्याची नजर आधी खाली जाते. त्यामुळं सूचना यायची ती पट्टीच्या मागं यायची. मागच्या मागं थांबायची आणि मागच्या मागं निघून जायची. गेल्या खेपेला असंच बीळ भरलं होतं. साठवलेले किडे वाहून गेले, सासूबाईंची अंथरुणं वाहून गेली. तेव्हा पिल्लं नव्हती. आता होती, आणि चिचुंद्रीची झोप उडाली होती.

ती सभेला गेली. सुधारणा वाचून झाल्या, टाळ्या झाल्या, मग ती उठली आणि सगळं सांगितलं. धनेशरावांनी मान वाकडी करून आपल्या फांदीवरच्या संगणकाकडं पाहिलं. हळद्यानं त्याच्या फांदीवर पाहिलं, खारीनं तिच्या ढोलीत पाहिलं. या सगळ्यांची पट्टी वर असे. झाडावरच्यांची नजर आधी आभाळाकडं जाते. अक्षरंही त्यांची बारीक, कारण डोळे तीक्ष्ण.

"आमच्या फांदीवर तर दिसतं," धनेशराव म्हणाले.

चिचुंद्री म्हणाली, की तुमच्या फांदीवर दिसतं त्याचा मला आनंद आहे, पण पाणी माझ्या बिळात येतं. हळद्यानं सुचवलं, की अक्षरं बारीक करून बघा, मांडणी जास्त उठून दिसते. मग चिचुंद्री, पिल्लांना काय वाहून जाऊ द्यायचं का, असं काहीतरी बोलली आणि सभा जरा अवघडली. धनेशरावांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. तेही बापच होते. पण रिवाज तो रिवाज. "मांडणी आपलीच आहे, बाई," ते म्हणाले, "दुरुस्त करून आणा."

तुम्हाला वाटलं असेल ती रडत घरी गेली. अजिबात नाही. ती हट्टाला पेटली.

पिल्लांना पाजता पाजता ती मांडणी उघडून वाचू लागली. नाक पडद्याला टेकवून वाचावं लागे, त्यामुळं पडद्यावर कायम एक ओला ठिपका असायचा. आधी काही कळेना. मग कोणता कप्पा कुठं उघडतो ते कळलं. मग पट्टीला कोण जागा देतं ते सापडलं. आत खारीनं कधीतरी लिहून ठेवलं होतं, की हे नंतर बघू. चिचुंद्रीनं ते आत्ता बघितलं. चूक एका ओळीची होती. सूचनेनं वर यायला कुठून सुरुवात करायची हे ठरवताना पट्टीची जाडी कुणी विचारातच घेतली नव्हती. तिनं ती ओळ लिहिली, संगणक बंद करून चालू केला, आणि चाचणीची सूचना पाठवून पाहिली. सूचना पट्टीच्या पुढं येऊन उभी राहिली. चिचुंद्री बिळात गोल गोल पळाली.

ओळ सभेत गेली. सभेला ती आवडली, म्हणजे सगळे तिच्यावर तुटून पडले. खार म्हणाली, अशीच ओळ मीही लिहिणार होते. हळद्या म्हणाला, सूचना पुढं येते ते ठीक, पण किती पुढं? कोपरा गोल हवा की टोकदार? एका घुबडानं ओळीतल्या शब्दांच्या क्रमावर हरकत घेतली. बुलबुलानं घुबडावर हरकत घेतली. दोन कावळे केवळ भांडण चाललंय म्हणून आले आणि कायमचे सभासद झाले. अखेर धनेशरावांनी चोच उघडून मिटली आणि ओळ मंजूर झाली. पुढच्या आवृत्तीच्या सुधारणांत ती वाचली गेली, चिचुंद्रीच्या नावासकट. वास विसरून सगळ्यांनी तिच्याजवळ येऊन टाळ्या वाजवल्या.

बाळांनो, आयुष्यभर ज्याच्यापासून सगळे चार हात लांब बसले, त्याच्याजवळ येऊन कुणी टाळ्या वाजवल्या तर काय होतं ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. चिचुंद्रीला फार फार बरं वाटलं. धनेशरावांनी तिला सभासद करून घेतलं आणि उंबराच्या बुंध्याशी बसायला जागा दिली. ती रोज जाऊ लागली. दूध पाजून झालं की पिल्लं सासूबाईंच्या हवाली करायची आणि निघायची. एका कोपऱ्याच्या गोलाईवर तिचं मत होतं, आणि ते मांडल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं.

इकडं बिळात नवीनच प्रकार सुरू झाला. सूचना आता दिसत होत्या. सगळ्या दिसत होत्या. आणि रिवाजाप्रमाणे सभेतलं प्रत्येक बोलणं सूचना होऊन सभासदाच्या घरी येत असे. घुबड असहमत आहे. कावळा घुबडाशी असहमत आहे. दुसरा कावळा आधी काय चाललंय ते विचारतो आहे. सासूबाई बिचाऱ्या एकेक वाचायच्या, सुनेचं काही महत्त्वाचं असेल म्हणून. मान अवघडली त्यांची. त्यांनी सुनेला सांगितलं, सुनेनं हळद्याला सांगितलं, आणि हळद्यानं एक सुंदर बटण करून दिलं. त्यावर टेकलं की साऱ्या सूचना एकदम पानगळीसारख्या गळून पडायच्या. सासूबाईंना ते फार आवडलं. पिल्लांना रडू आलं की त्या बटण दाबून पानगळ दाखवायच्या.

मग एक दिवस पाणमांजरांनी सूचना पाठवली.

ती आली तेव्हा सभा भरलेली होती. धनेशरावांच्या पडद्यावर ती कोपऱ्यातून अलगद सरकत वर आली. सगळे बोलायचे थांबले. मुद्दाम चिचुंद्रीसाठी धनेशरावांनी त्या दिवशी आपली पट्टी खाली घेतली होती, आणि सूचना बरोबर पट्टीच्या पुढं येऊन थांबली. "आता बघा," धनेशराव म्हणाले, आणि सगळ्यांनी पाहिलं. हळद्या कोपऱ्याकडं पाहत होता. खार सरकण्याच्या वेगाकडं पाहत होती. चिचुंद्रीला त्या बारीक अक्षरांतलं काही वाचता आलं नाही, पण आपली ओळ काम करते आहे एवढं तिला दिसलं, आणि तिचे डोळे भरून आले. सूचना थोडं थांबली आणि गेली. कुणीतरी म्हणालं, की सावली थोडी मऊ हवी होती. त्यावर संध्याकाळपर्यंत चर्चा झाली.

तीच सूचना बिळातही गेली. सासूबाईंनी पिल्लांना पानगळ दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सभा. सावलीचा निकाल लागायचा होता. तेवढ्यात पाठीवर संगणक बांधून एक कासव येताना दिसलं. कासव बिळाच्या शेजारचंच, नदीतलं. आदल्या दिवशी निघालं होतं ते आत्ता पोचत होतं. सभेला ते कधी आलेलं नव्हतं. त्याच्याकडं मांडणीची अगदी पहिली आवृत्ती होती. ती बसवून घेतल्यापासून त्यानं तिला हात लावला नव्हता, कारण त्याचं काम एवढंच, की पत्त्यांचा डाव मांडायचा आणि एकट्यानं खेळायचा.

ते चिचुंद्रीपाशी येऊन थांबलं. "पोरी, तू आता यातली झालीस म्हणे," कासव म्हणालं. "जरा बघ. ही चौकट मधोमध येऊन बसलीय ती काही केल्या हलंना. खाली माझी राणी अडकलीय."

चिचुंद्रीनं पडद्याकडं पाहिलं. पहिल्या आवृत्तीतली ती जुनी, जाडजूड, करड्या रंगाची चौकट होती. हळद्यानं तोंड फिरवलं. सभेत कुणीतरी हसलं.

आणि चिचुंद्रीनं काय केलं असेल? तिनं गोड आवाज काढला. तो आवाज तिच्या तोंडून निघाल्याचं तिला कळलंही नाही. तिनं विचारलं, कोणती आवृत्ती वापरता आजोबा? कासवानं सांगितलं. ती म्हणाली, ती केव्हाच बंद झाली, नवी का घेत नाही? कासव म्हणालं, जुनीच बरी चाललीय. मग ती म्हणाली, की माझ्याकडं तर असं होत नाही. आणि शेवटी म्हणाली, "मांडणी आपलीच आहे, आजोबा. दुरुस्त करून आणा."

कासव रागावलंही नाही. त्याला वाटलं, आपलं ऐकण्यात काही चुकलं असेल. ते तिथंच बसलं.

आता चिचुंद्री मनानं वाईट नव्हती. तिला लाज वाटली. किमान तक्रार तरी आपण नोंदवून देऊ, असं तिनं ठरवलं. तक्रार नोंदवायची तर चौकटीत काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवावं लागतं. तिनं कासवाच्या पडद्याला नाक टेकवलं. अक्षरं मोठी होती, पहिल्या आवृत्तीत सगळंच मोठं होतं. ती एकेक शब्द वाचत सभेच्या तक्रारवहीत उतरवू लागली. उद्या. दुपारी. बंधाऱ्याचं. दार. उघडत. आहोत. काठच्या. सगळ्यांनी.

तिनं 'सगळ्यांनी' पूर्ण केलं आणि पुढचा शब्द तिच्यानं लिहवला नाही.

"आजोबा," ती म्हणाली, "हे तुम्ही वाचलं नाहीत?"

"वाचलं की," कासव म्हणालं. "पाणी येणार. मला बरंच आहे."

सूर्य उंबराच्या शेंड्यापर्यंत चढला होता. चिचुंद्री पळाली. तिचे पाय केवढेसे, आणि नजर कामाची नाही. ती वासानं वाट काढत, मुळांवर आपटत, काट्यांतून पळत सुटली. सावलीबद्दलचं मत सांगायला तिला कुणीतरी मागून हाक मारत होतं.

बिळाशी पोचली तेव्हा नदीचा आवाज बदलला होता. सासूबाई दारात बसून पिल्लांना पानगळ दाखवत होत्या. चिचुंद्रीनं संगणकाकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं थोरल्या पिल्लाला आपली शेपटी धरायला लावली. त्याची शेपटी मागच्यानं धरली, त्याची त्याच्या मागच्यानं. चिचुंद्र्यांची ही जुनी रीत, आईच्या मागं एकमेकांच्या शेपट्या धरून चालायचं. ती कुणी लिहून ठेवलेली नाही आणि तिची नवी आवृत्ती कधी निघालेली नाही. सगळ्यात शेवटी सासूबाईंनी धाकट्याची शेपटी धरली आणि माळ चढणीला लागली.

माळ अर्ध्या चढणीवर होती तेव्हा पाणी आलं. बिळाच्या तोंडाशी एकदा घुटमळलं आणि आत शिरलं. बीळ भरलं, किडे गेले, अंथरुणं गेली, संगणक गेला. सासूबाईंचे मागचे पाय भिजले. पण माळ कुठं तुटली नाही. वर दगडापाशी पोचल्यावर चिचुंद्रीनं सगळ्यांना मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मग मात्र ती ढसाढसा रडली. सासूबाई म्हणाल्या, की अगं, मी सगळ्या सूचना रोज नीट पुसत होते.

पाणी ओसरल्यावर चिचुंद्रीनं एकच गोष्ट मनाशी धरली. कासवाचे उपकार. त्या दिवशी तो म्हातारा चौकट घेऊन आला नसता तर? ती पिल्लांची माळ घेऊन कासवाकडं गेली. पिल्लांना त्याच्या पायाशी घातलं. म्हणाली, "आजोबा, तुम्ही मागाल ते देईन."

कासवानं बराच वेळ विचार केला. त्याला तसं काही नको होतं.

"ती चौकट तेवढी घालव," ते म्हणालं.

चिचुंद्रीनं मागचा पुढचा विचार केला नाही. आपल्यासाठी दुसरा संगणक मिळवला, धनेशरावांकडून अगदी ताजी आवृत्ती आणली आणि कासवाच्या पाठीवर बसून त्याच्या संगणकावर स्वतःच्या हातानं बसवून दिली. हळद्यानं मदत केली, मागं कमळांचं चित्र लावून दिलं. खारीनंही येऊन काही कळा फिरवल्या आणि त्यातली एक अर्धवट सोडली. चौकट गेली. कासवाची राणी मोकळी झाली. यापुढं कुठलीही सूचना डावाच्या मध्ये येणार नव्हती. ती कोपऱ्यातून अलगद यायची, गोल कोपऱ्याची, मऊ सावलीची, आणि थोडं थांबून कुणाला त्रास न देता निघून जायची. कासवाला ती दिसतही नसे, कारण त्याचं लक्ष पत्त्यांत असे.

पुढच्या सभेत धनेशरावांनी हे सगळ्यांना सांगितलं. जंगलातली शेवटची जुनी मांडणी आता उरली नाही, ते म्हणाले, आणि हे काम चिचुंद्रीबाईंनी केवळ कृतज्ञतेपोटी केलं. टाळ्या थांबेनात. चिचुंद्रीनं मान खाली घातली. तिला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

त्यानंतरच्या मोसमात तिला पुन्हा पिल्लं झाली. या वेळी बीळ तिनं पाण्याच्या आणखी जवळ घेतलं. सासूबाईंनी विचारलं, एवढं जवळ कशाला? ती म्हणाली, "आता भिऊ नका, सासूबाई. आता सगळ्यांकडं नवी आहे."

तात्पर्य : ज्यानं आपला जीव वाचवला त्याचे उपकार जन्मभर मानावेत, येता-जाता त्याला नमस्कार करावा, सणाला फळं पाठवावीत. पण उपकार फेडायला म्हणून त्याच्या संगणकाला कधीही हात लावू नये.